मागचं दार

सुभेदारकाकांना त्या गाडीवरून चिडवायचं मी आता सोडलंय. नळदुर्गला रिटायर होऊन आले आणि लिलावातल्या भंगारातून लष्कराची पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी घेऊन बसले. खंडेनवमीला मी हौसेनं पट्ट्याखाली लिंबू ठेवलं.

"काका, हाणा आता."

"इंजिनाला अजून हात लावला न्हाय."

"मग वर्षभर काय केलं?"

"मागचं दार. आत बस, सांगतो."

त्यांनी बाहेरून दार लावलं. आत मिट्ट काळोख. मी चाचपडत कडी फिरवली, तर दार अलगद उघडलं. काकांनी ते पुन्हा लावून, उघडून बघितलं.

"आमची गाडी पेटली तवा असलंच दार आतून उघडलं न्हाय. आत दोघं हुती. म्या बाहेरून वढत हुतो."