मानाचं मोठं अक्षर

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय बन्सीलाल आप्पा, मंचावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी भर उन्हात तळोद्यात एवढी मंडळी जमली त्या आमच्या चारुलताताई, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. मी घड्याळ घरीच विसरलोय. तेव्हा आप्पा, आपण खोकलात की मी आवरतं घेईन.

ताई आज आपल्या वाचनालयातून निवृत्त होत आहेत. अकरा वर्षं त्यांनी रेकॉर्डर घेऊन डोंगर पालथे घातले, होडीत बसून मणिबेलीपर्यंत गेल्या, आणि म्हाताऱ्या माणसांचे आवाज आणून वाचनालयाच्या संकेतस्थळावर ठेवले. मी सचिव. संकेतस्थळावर प्रत्येक आवाजाचं एक पान असतं, ती पानं मी टाईप केली. खरं सांगू का? दुपारी एखादा आवाज लावावा, डोळे मिटावेत, आणि आपण तळोद्यात आहोत की नर्मदेच्या काठावर हे कळेनासं व्हावं, यातच माझं निम्मं सचिवपण गेलं.

गेल्या वर्षी कळलं की आमच्या सर्व्हरवरचं विंडोज फार जुनं झालंय, त्याची देखभाल आता कुणी करणार नाही. आमचा संगणक सांभाळणारे नवापूरचे दानियल म्हणाले, सगळं लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर हलवू. मला ते घर बदलण्यासारखं वाटलं. मी स्वप्नातच होतो म्हणा ना! आवाज एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना मध्ये कुठे असतात, याचा विचार करत मी जुना सर्व्हर बंद करण्याच्या पत्रावर सही करून टाकली. तपासलं काहीच नाही. गुरुवारी जुनं यंत्र पुसलं गेलं.

शुक्रवारी दिवलीबाई आल्या. धरणाच्या पाण्यात गेलेल्या मणिबेलीच्या त्या, आता इथल्या पुनर्वसन वसाहतीत राहतात. दर वर्षी काठी गावच्या होळीला निघाल्या की आधी वाचनालयात येतात आणि रायसिंगबाबांचा आवाज ऐकतात. बाबा म्हणजे त्यांचे मालक, जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा फोटोसुद्धा नाही. जे आहे ते एवढंच, ताईंनी उतरवलेला चार मिनिटांचा आवाज.

मी बटण दाबलं. ‘फाइल सापडत नाही.’ पुन्हा दाबलं. तेच. ताईंनीच उतरवलेली शाळेतल्या पोरांची गाणी वाजत होती, पण एकाही म्हाताऱ्या माणसाचा आवाज लागेना. मी दानियलना आणि ताईंना बोलावून घेतलं. दिवलीबाई शांतपणे म्हणाल्या, “बसते मी.” आणि भिंतीला टेकून बसल्या.

दानियल तासभर पडद्याकडे बघत राहिले, मग हसायलाच लागले. “सर, फाइली सगळ्या आहेत. ताईंनी फाइलींना इंग्रजीत नावं दिलीत, त्यात म्हाताऱ्यांच्या नावांचं पहिलं अक्षर मोठं, कॅपिटल आहे; तुमच्या पानांवर तीच नावं सगळी लहान अक्षरांत आहेत. विंडोजला दोन्ही एकच. लिनक्सला नाही.”

माझ्या कीबोर्डवरचं मोठ्या अक्षराचं बटण अडकायचं, म्हणून मी सगळं लहानच टाईप केलं होतं. पण ताईंनी फक्त म्हाताऱ्यांनाच मोठं अक्षर का दिलं? आपल्या मराठीत कुठे आहेत लहान-मोठी अक्षरं? मी ताईंना विचारलं, तर त्या लाजल्या. “मोठासले मान देवाले नको का, भाऊ? इंग्रजीमा ‘अहो-जाहो’ नहीं, मंग मी अक्षरच मोठं करं.” अकरा वर्षं ही बाई इंग्रजी अक्षरांतून आदरार्थी बहुवचन लिहीत होती, आणि मला पत्ता नव्हता!

दानियल म्हणाले, “एकाच आज्ञेत सगळी नावं लहान करून टाकतो.” मी म्हटलं, करा, कोण बघतंय?

“मी देखस ना,” ताई म्हणाल्या. “त्यासले न्हाना नको करू.”

आयुष्यात त्यांनी मला एवढ्या कडक आवाजात कधी काही सुनावलं नव्हतं. मला फार लाज वाटली. मग नावं तशीच ठेवली आणि माझी पानं सुधारायला घेतली. पहिलं पान रायसिंगबाबांचं.

आवाज लागला. बाबा त्यांच्या बोलीत गावातल्या घरांची नावं सांगत होते, नदीकडून वर चढत. नारसिंगचं घर. भिलाचं. कालीबाईचं. मग ते अडले. नाव आठवेना. नुसता वारा ऐकू येत होता. ही शांतता ताईंनी कापून टाकली नव्हती.

भिंतीला टेकलेल्या दिवलीबाई डोळे मिटूनच हळू म्हणाल्या, “जामसिंग.”

आणि यंत्रातून बाबा म्हणाले, “हां. जामसिंग.”

मित्रहो, तेव्हा आम्ही कुठे होतो हे मला अजूनही सांगता येत नाही. दानियलनी मान वळवली. ताई रडत होत्या, मीही रडलो. दिवलीबाईंना तेवढं काही नवल वाटलं नाही. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि काठीची गाडी चुकेल म्हणून निघाल्या.

ताई, ही माणसं आपण आम्हाला जशीच्या तशी दिलीत. मी आपला ऋणी आहे, वाचनालय आपलं ऋणी आहे. आप्पा खोकले, मला ऐकू आलं. अध्यक्षांचे, दानियलांचे आणि आपण सगळ्यांनी कान दिलात त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि कुणाचं नाव माझ्याकडून राहिलं असेल, तर बसल्या जागेवरून सांगा. मी थांबतो.