बाबांच्या टूएच पेन्सिली

सुलेखा : बाबा, चालू मीटिंग सोडून मी शाळेचा फोन घेतला. रुचाच्या सेन्सेई, वर्गाच्या बाई, म्हणतायत, तिच्या वहीत काही दिसतच नाही. तिच्या कंपासपेटीत टूएच कुणी घातल्या?

प्रकाश : मी.

सुलेखा : का पण? इथे जपानात पहिलीच्या मुलांना टूबीच लागते. चित्रांची चालत नाही, पेन-पेन्सिल चालत नाही, प्रत्येकीवर नाव हवं. मी बसून एकेकीवर नाव चिकटवलं होतं.

प्रकाश : टूबी म्हणजे काळा चिखल. शिशात ग्राफाइट जास्त, माती कमी. हात फिरला की पसरते. टूएचमध्ये माती जास्त, टोक टिकतं. जन्मभर ड्रॉइंग ऑफिसात टूएचच वापरली मी.

सुलेखा : तुम्ही पुलांचे नकाशे काढायचात. ती हिरागानाची अक्षरं गिरवतेय. सहा वर्षांच्या बोटांत जोर असतो का?

प्रकाश : दाबून लिहिलं की हात बसतो.

सुलेखा : दाबून लिहून पान फाटलं आज. वर्गात रडली ती. तिच्या टूबी कुठायत?

प्रकाश : असतील.

सुलेखा : असतील म्हणजे? या काय, तुमच्या उशीपाशी. अर्ध्या झिजल्यात. तुम्ही वापरताय?

प्रकाश : बाल्कनीतून दिसतो ना, तो रेल्वेचा पूल काढतोय. रुचाच्या वाढदिवसाला.

सुलेखा : काळ्या चिखलाने?

प्रकाश : इथला कागद खराब आहे. टूएच उमटत नाही.

सुलेखा : भात चिकट, चहा पाणचट, आता जपानचा कागदही खराब. द्या इकडे ती टूएच. (रेघ ओढते.) ही बघा, उमटली की.

प्रकाश : हं.

सुलेखा : हं काय? आता तुम्ही काढा.

प्रकाश : राहू दे.

सुलेखा : काढा हो, बाबा.

प्रकाश : सुलू, माझी उमटत नाही. म्हणून राहू दे म्हणतोय.

सुलेखा : कधीपासून?

प्रकाश : इथे यायच्या आधीपासून. उजव्या हातात जोरच राहिला नाही. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरतो मी.

सुलेखा : मला वाटलं, थंडीमुळे.

प्रकाश : मीही स्वतःला तेच सांगत होतो.

सुलेखा : आणि मला सांगायचं सोडून पोरीच्या पेन्सिली उचलल्यात? राग येतोय मला तुमचा. खूप राग येतोय. शनिवारी डॉक्टरकडे जायचं, कुरकुर न करता.

प्रकाश : जाऊ. पुलाचं तेवढं होऊ दे.

सुलेखा : टूबी तरी नीट उमटते?

प्रकाश : सकाळी उमटते. दुपारनंतर पुसट.

सुलेखा : मग तुम्हाला फोरबी आणते, टूबीहून मऊ. स्टेशनजवळ मिळते.

प्रकाश : फोरबीवाल्यांना आम्ही ऑफिसात हसायचो. पेन्सिल आहे की काजळ, म्हणायचो.

सुलेखा : आणू की नको?

प्रकाश : आण. आणि त्यांच्यावर माझं नाव चिकटव.