सुपाचा कोपरा

डिचोलीच्या बसस्थानकावर आमोण्याच्या गाडीची वाट पाहत समीक्षा बसली होती. मांडीवर प्लास्टिकचे नवे सूप. कुणीही न विणलेल्या त्या वस्तूवर विणीची नक्षी उमटवलेली होती आणि या उचलेगिरीला लेबलाने ‘पारंपरिक’ असे सुसंस्कृत नाव दिले होते. बाकावर शेजारी बसलेल्या चंद्रावतीमावशींनी जन्मभर बांबूची सुपे विणली होती.

“ह्या काय गो? सूप, की सुपाचो फोटो?”

“हस, मावशी. पण याला वाळवी लागत नाय.”

“दी, बघूया. अगे बाये!”

“काय झालं?”

“हो कोपरो बघ. पट्टी एका कामटीखालून काढूक व्हयी. हंय दोन कामट्यांखालून काढल्यानी.”

“मशीन चुकलं असेल.”

“मशीन नाय गो, माझी आवय चुकायची. दर सुपात, ह्याच कोपऱ्यात. बापूस बोंबलायचो, ‘परत झोपलंस!’”

“म्हणजे कंपनीनं तुझ्या आईच्याच सुपाचा साचा काढला?”

“तिका जावन वीस वर्सां झाली. तिचा एक सूप घरात उरूक नाय, सगळी वाळवीन खाल्ल्यान. आणि हंय तिचो हात, जसोच्या तसो.”

“रडू नको, मावशी. हे तूच ठेव.”

“तुझा तुका ऱ्हवांदी. दुकानात आणखी आसत?”

“छपरापर्यंत ढीग लागलाय.”

“सगळ्यांक हो कोपरो?”

“एकाच साच्यातली ना? सगळ्यांक.”

“बस इली गो, तू जा. माका तो ढीग बघूचो आसा.”