निळ्यासाठी पुढे गेलेला निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती रंगाई मास्टर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मी तपासणी प्रयोगशाळेतली. मास्टरांनी कापड रंगवायचं आणि मी नापास करायचं, असा आमचा जुना स्नेह. अशा बाईला निरोपाचं भाषण करायला लावणं हे साहेबांचं धाडस. त्यांचे आभार.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आम्ही बाटलीत घाम तयार करतो. मीठ आणि काही रसायनं. एक घाम आम्लाचा, एक अल्कलीचा. रंगीत कापडाला पांढरी पट्टी शिवून त्यात भिजवायची, वजनाखाली दाबून अंगाइतक्या उबेत चार तास ठेवायची. पट्टीवर डाग किती उतरला ते पाहून पाचपैकी गुण. चारच्या खाली माल बाहेर जात नाही.

मास्टरांचा या घामावर कधी विश्वासच नव्हता. "ताई, ज्याला अंग नाही त्याचा कसला घाम?" मग त्यांनी काय करावं? प्रत्येक गडद रंगाचा तुकडा स्वतःच्या बनियनला काखेत शिवून ते दिवसभर वाफेच्या यंत्रांपाशी उभे राहू लागले. संध्याकाळी बनियन माझ्या टेबलावर. ताडून बघा म्हणे. नियमात बसत नव्हतं, पण बघितलं. एकदा तर वहिनीच आल्या, तांबड्या, हिरव्या, जांभळ्या काखांची पिशवीभर बनियनं घेऊन. "गुण तुम्ही देता ना? मग धुणंही तुम्हीच करा!" वहिनी, हसू नका. मी खरंच धुतली होती. निघाले नाहीत डाग.

असो. हा समारंभ गेल्या आठवड्यात होता. फलकावर 'अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलला' असं लिहिलं होतं. ते कारण निळं होतं. सफाई कामगारांच्या गणवेशाचं कापड, मास्टरांचा शेवटचा माल. मी पट्टी उजेडाखाली धरली. त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी जरा चुकावं, असं फार वाटलं. डोळे ऐकेनात. तीन.

साहेब म्हणाले, "अहो, निरोपाला तरी चार द्या की!"

मास्टर दारातच उभे होते. म्हणाले, "साहेब, हार परत पाठवा. उन्हात झाडणाऱ्या माणसाच्या मानेला माझा निळा लागला, तर तो मला ओळखणार नाही. पण मला कळेल ना."

साहेबांनी हार परत पाठवला, हा त्यांचा मोठेपणा. मास्टरांनी सगळं कापड पुन्हा धुऊन घेतलं, रंग पुन्हा पक्का केला. काल तुकडा माझ्या हातात दिला. मी विचारलं, "आणि बनियन?" म्हणाले, "राहू दे. या वेळी तुमची बाटली म्हणेल ते खरं."

आज दुपारी ती पट्टी निघाली. तेव्हापासून मास्टर माझ्या तोंडाकडे बघत बसलेत. ते आपली भाषणं ऐकतायत, असा गैरसमज आधीच्या वक्त्यांनी करून घेऊ नये.

मास्टर, साडेचार.

काय म्हणालात? हो, आम्लातही आणि अल्कलीतही. दोन्हींत. पट्टी आणलीय मी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. हार घालायला दोन मिनिटं थांबावं, एवढी साहेबांना विनंती. मास्टर, ही घ्या पट्टी. पण आधी डोळे पुसा. ओल्या डोळ्यांना डाग दिसत नाहीत.