आजोबांचं नाव

कोर्टात अपिलाच्या खिडकीपुढच्या रांगेत माझ्या मागे दोघी होत्या. एक सोहाग शहराहून आलेली म्हातारी, दुसरी तरुण.

"मावशी, कोण आत आहे तुमचं?"

"लेक माझा. सबरी वहदान अतिया. दरोडा घातला सबरी वहदान शलबीनं, आणि खडी फोडतोय माझा!"

"अगं बाई, नावं सारखीच?"

"पोराचं सारखं, बापाचं सारखं. आजोबांचं वेगळं. निकालपत्रात चक्क शलबी लिहिलंय गं. आमच्या सात पिढ्यांत कुणी शलबी नाही."

"हे वकिलानं नाही सांगितलं?"

"वकील कसला डोंबलाचा! बाहेर अर्ज लिहून देतो ना, त्या म्हाताऱ्यानं वाचून दाखवलं. मग अर्ज केला, साहेब, आजोबांच्या नावात चूक झालीय, दुरुस्त करा."

"पिशवीत काय आहे?"

"त्याचा शर्ट. कैद्याच्या निळ्या कपड्यांत घरी नेऊ का त्याला?"

तेवढ्यात म्हातारीचा पुकारा झाला. खिडकीतून एक कागद बाहेर आला.

"पोरी, मला वाचता येत नाही. तू वाच."

"अर्ज मंजूर."

म्हातारीनं जीभ थरथरवत लग्नघरातली किलकारी घातली. रांगेतल्या बायकांनी ती उचलून धरली.

"थांबलीस का? पुढे वाच की."

"'निकालपत्रात लेखनदोषानं पडलेल्या शलबी या नावाऐवजी अतिया असं वाचावं. शिक्षा कायम.'"

"म्हणजे चूक दुरुस्त केली ना त्यांनी?"

"केली, मावशी."