न कोरलेलं दार

जय भीम. नमस्कार.

उत्रोलीहून, गुंजवण्याहून, भोरमधून आलेल्या सगळ्या मंडळींनो, आणि इथं पुढं बसलेल्या आजी. मी शुभांगी. विलास सरांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच वर्गात शिकवते. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. आज माईकसमोरसुद्धा फुटत नाही. सांभाळून घ्या.

मागच्या गुरुवारी सर गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

आमच्या कलाविद्यालयात एक पद्धत आहे. शेवटच्या वर्षाची मुलं आणि बाहेरगावच्या एका कॉलेजची मुलं मिळून दरवर्षी छापचित्रांचा संच करतात. प्रत्येकानं लाकडाच्या फळीवर एक चित्र कोरायचं. जेवढे जण, तेवढ्या प्रती छापायच्या. मग प्रत्येकाला एक पेटी मिळते, तिच्यात सगळ्यांचं एकेक चित्र. जो देईल त्यालाच मिळेल, असा नियम. आणि सरांचा स्वतःचा एक दंडक. फळीवरून कागद उचलताना कुणी बोलायचं नाही. तेवढा वेळ वर्गात पंख्याचा आवाज यायचा, बास.

मंडळी, इतके संच निघाले, पण सरांच्या घरी एकही पेटी नाही. कारण सरांनी कधी चित्र दिलंच नाही. कुणाच्या कागदाला बोट लागलं, की हे नवा कागद घेऊन हजर. कुणाची शाई घट्ट झाली, की हे कालवत बसले. "सर, तुमचं कधी?" असं विचारलं की म्हणायचे, "माझं काय पळून चाललंय व्हय?"

पळून गेलं, सर. मला तुमचा राग येतो. अशा दिवशी राग येऊ नये, पण येतो.

यंदा मुलं हट्टालाच पेटली. मग सरांनी जुन्या गुंजवण्यातलं आपलं घर कोरलं. धरणात गेलेलं घर. पहिली प्रत छापली आणि हौसेनं आजींना, आपल्या आईला, दाखवायला नेली. आजी बघत राहिल्या. म्हणाल्या, "ह्ये आपलं घर न्हाई. आपला गोठा डाव्या अंगाला व्हता."

फळीवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. आम्हाला पहिल्याच दिवशी हे ओरडून शिकवणारा माणूस! पण घर डोळ्यांपुढं आलं, आणि सर दिसलं तसंच कोरत गेले. सरांनी हे सांगितलं तसा वर्गात हशा पिकला. सरही हसले. मी म्हटलं, "राहू द्या सर, कोण जाऊन तपासणार आहे?" तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "उभं असतं तर चुकलं तरी चाललं असतं. लोकांनी जाऊन बघितलं असतं. आता ह्या कागदाशिवाय कुठं बघणार?"

आणि पटाशीनं त्या फळीवर चरा मारला, पुन्हा छापता येऊ नये म्हणून. नवी फळी घेतली. सगळ्यांची चित्रं छापून झाली, पेट्या सरांच्या एका चित्रासाठी थांबल्या. नव्या फळीवर गोठा झाला, बरोबर बाजूला. कौलं झाली. अंगणातला उंबर झाला. दार तेवढं राहिलं.

चुकीच्या घराच्याच प्रती काढून ठेवल्या असत्या तर? मला सारखं असं वाटतं. पण सरांना चाललं असतं का? नसतं चाललं.

मुलं म्हणाली, "मॅडम, दार आपण कोरू." काल मी आजींकडं जाऊन विचारलं. आजी म्हणाल्या, "नका कोरू, बाई. घरात कुणी न्हाई म्हणल्यावर दार बंदच असतंय."

न कोरलेला भाग काळा उमटतो. तर दार काळं उमटेल. खाली सही नसेल. पण यंदा सरांनी चित्र दिलंय. म्हणून एक पेटी सरांच्या नावानं बांधलीय. ती आजींकडं जाईल.

मुलांनी इथं टेबलावर फळीला शाई लावलीय. पहिली प्रत आम्ही तुमच्यासमोर काढतो. सर, तुम्हाला माझा शेवटचा जय भीम.

मंडळी, उभे राहूया. मी आता कागद उचलते. आजींच्या हातात देईपर्यंत कुणी बोलायचं नाही.