गणूचं बोलायचं राहून गेलं

बसा समदी. दहाव्याला पुढारी बोलत्यात, पण आज माईक कुणी धरीना. म्हणून मी, गणूची आजी, उभी राहिले. आप्पा, बांधाशेजारचा तुमचा ऊस जळाला, तरी तुम्ही आलात. बरं वाटलं.

गणू लई हसरा. रांजणगावला कंपनीत लागला, तवा पहिली साडी मला आणली. रंग कसला, तर पोपटी. या वयात पोपटी. नेसले की मी. मिरवलेबी. असू द्या, काय सांगत होते?

मग त्याला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागलं. त्यातच आप्पांचा ऊस पेटला आन् नाव गणूचं आलं. कोर्टात उभा केला, तर आपण कुठं हाय तेच त्याला उमगंना. जज म्हणले, आधी बरा होऊ द्या, मग खटला. पुण्याला दवाखान्यात ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "आजी, जज कोण, वकील कोण, आरोप काय, हे त्याला कळाय पाहिजे. भेटायला आलात की घोकून घ्या."

आम्ही कोर्टच मांडलं. बाकावर मी जज. सून सरकारी वकील. उलटतपासणी तिला न शिकवता यायची. गणू हसायचा. खोटं कशाला बोलू, मलाबी लई मजा यायची.

आन् तारखेला जजनी विचारलं, "मी कोण?" गणू म्हणला, "आजी."

अजून समज न्हाई म्हणून परत दवाखाना.

पुढच्या खेपेला जज कोण, वकील कोण, समदं नीट सांगितलं पोरानं. जामिनावर घरी आला. म्हणला, "आजे, त्या दिवशी काय झालं ते आता मीच सांगणार."

"मला सांग की."

"न्हाई. तुझ्या पोटात काय राहत न्हाई. कोर्टातच सांगीन."

तारखेच्या आधी काविळीनं नेला. वकील म्हणले, माणूस गेला, खटला मिटला. मिटला म्हंजी? ऊस त्यानं पेटवला का न्हाई? मला ठाऊक न्हाई. आप्पा, तुम्हालाबी न्हाई. ज्याला ठाऊक होतं, त्यानं बोलण्यासाठी येवढं सोसलं, आन् बोलायचंच राहिलं.

आता उभं राहा. जरा वेळ गप राहू. त्याला दोषी म्हणू नका, निर्दोषबी म्हणू नका. येडा तर म्हणूच नका. शहाणा होऊन गेलाय माझा गणू.